तुम्ही भिजवून गेलात ते चिंचोके

बाई, आधी भांडूनच घेते. माणसानं असं जायचं असतं का? सकाळी अंगणात सडा टाकायला निघालात, बादली अर्धी झाली, ती नीट भिंतीला लावून ठेवलीत, पायरीवर टेकलात आणि संपलं. मी इकडे माझ्या ओट्यावर दात घासत होते. मोजून वीस पावलं. एक हाक मारली असती तर तशीच फेसाळलेल्या तोंडानं धावत आले असते. पण कोणाला कामाला लावायचं तुमच्या स्वभावातच नव्हतं. मरतानासुद्धा नाही.

तीन आठवडे झाले. गावात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलून राहिले आहेत. किती साधी बाई होती, किती सोसलं, कधी कोणाला उलटून बोलली नाही. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. साध्या कसल्या! तुमच्याएवढी हट्टी बाई मी अख्ख्या गोरेगाव तालुक्यात पाहिली नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही मला लहानी म्हणून ‘लायनी’ म्हणत आलात आणि बावीस वर्षांत माझं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं नाहीत. भाजीत मीठ आधी की नंतर, इथपासून आपली भांडणं. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आपलं पटायचं, पण भांडून.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवून ठेवली. जानेवारीत गोंदियाच्या प्रदर्शनात आपल्या बचत गटाची मोहाची जेली पाणी पाणी झाली. ती तुमच्या हातानं बिघडली असं मीच सगळ्या बायांना सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. कसं खरं नव्हतं हे मला महिन्याभरात कळलं, आणि तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते करत एप्रिल आला, आणि तुम्ही पायरीवर बसलात.

आता पहिल्यापासूनच लिहिते. नाहीतर मी माझ्या सोयीनं मधलं काहीतरी गाळीन.

जेली करायची कल्पना माझी. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, म्हणजे खरं तर काचेची भांडी धुणारी. पण घरी आल्यावर माझ्यासारखी शास्त्रज्ञ नाही! मोहफुलं आपल्याकडे वाळवून ठेवलेली असतातच, त्यांचा पाक चविष्ट होतो, पण तो घट्ट होत नाही. पेरूची जेली आपली आपण धरते, मोहाला तशी ताकद नाही. घट्ट करणारी पावडर नागपूरहून मागवावी लागेल, असं मी गटाच्या बैठकीत मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही कोपऱ्यात बसून लसूण सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, “कायले मागवता? घरी चिंचोके हायेत ना. थ्याईची खळ घाला.”

मी हसले. सगळ्याच हसल्या. “बाई, लोकांना खायला द्यायचं आहे, कागद नाही चिकटवायचे!”

“चिंच खातेत. चिंचोके पोट्टे भाजून खातेत. मंग खळ खाल्ली त का मरतेत?”

मी कॉलेजात सरांना विचारलं तर ते म्हणाले, अगदी बरोबर आहे, चिंचोक्यातला डिंक साखरेबरोबर घट्ट होतो, कारखान्यात खाण्याच्या वस्तूंसाठी तो वापरतात. मी घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, “तुह्या सराले माह्या बापानं सांगतलं असन.”

तुमचे वडील! त्यांची गोष्ट तुम्ही मला शंभर वेळा ऐकवली आणि मी शंभर वेळा अर्धीच ऐकली. चिचगडकडच्या तुमच्या गावात ते नाटकांचे पडदे रंगवायचे. खडू, गेरू, नीळ, सगळे रंग चिंचोक्याच्या खळीत कालवायचे. तुम्ही पोरी भिजलेले चिंचोके अंगठ्यानं सोलायला बसायच्या. एकदा घाईघाईत कोणीतरी चिंचोके भाजून, सालं उडवून खळ केली. ती पातळ झाली. नाटकाला उभा केलेला राजवाडा दुसऱ्या अंकात पोपडे धरून खाली आला आणि राजा तसाच तलवार धरून उभा. हे सांगताना तुम्हाला इतकं हसू यायचं की पदरानं डोळे पुसावे लागायचे. मी म्हणायचे, हो हो, माहीत आहे. मला वाटायचं ही नुसती हसायची गोष्ट आहे.

तुमची रीत काय होती ते मी आता डोळे मिटून सांगू शकते. चिंचोके गंजात, तुमच्या त्या खोल पातेल्यात, पाच दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. लाल साल अंगठ्यानं निघेल इतकी सैल झाली की सोलायचे. साल एवढीशीही राहिली तर खळ तपकिरी आणि तुरट होते. आत खोबऱ्यासारखा पांढरा गर. तो सावलीत वाळवायचा आणि घरच्या जात्यावर दळायचा. गावातल्या चक्कीवर न्यायचा नाही, कारण चक्कीतून पीठ गरम होऊन पडतं. मग ते पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, कारण सरळ गरम पाण्यात टाकलं की गाठी. मंद आचेवर ढवळत शिजवायचं आणि न हलवता ठेवून द्यायचं. गाळ खाली बसला की वरचं नितळ तेवढं काढायचं. गाळ गाईला. नितळ त्या खळीत पाक आणि साखर घालून आटवलं की जेली अशी धरायची की चमचा उभा राहावा.

मला यातलं पाच दिवस भिजवणं तेवढं खटकायचं. “बाई, गरम वाळूत भाजले तर सालं मुसळाच्या चार फटक्यांत निघतात. कारखानेवालेही भाजतात.”

“करत असतीन. माह्या गंजात नोको करू.”

“पण काऊन? कारण तरी सांगा.”

“आगीनं चिकटाई मरते.”

“किती आगीनं? थोड्या आगीनं मरते की खूप?”

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जसं काही मी तुमच्या वडिलांनाच शिव्या दिल्या. “तू मापत बस थर्मामीटरनं. मी सोलतो.”

हे भांडण आपलं वर्षभर चाललं, आणि दोघींनाही त्यात मजा यायची. जेली आठवडी बाजारात खपत होती. मोहाची म्हटल्यावर गडी माणसं बाटली हलवून विचारायची, चढते का? तुम्ही म्हणायच्या, भाकरीसंगं खाऊन पाय, मंग सांग.

मग ते प्रदर्शन आलं. आणि नेमका त्याच आठवड्यात तुमच्या भाच्याचं लग्न ठरून साक्षगंध निघाला. तुम्ही चिचगडकडे निघालात. निघताना सोललेले, वाळवलेले चिंचोके माझ्या हवाली केलेत आणि म्हणालात, “एवढ्याचंच कर. जास्त बाटल्या नसल्या त नसल्या.”

मला जास्त बाटल्या हव्या होत्या. गोंदियाला जायचं, लोक बघणार, आणि आपल्या टेबलावर वीस बाटल्या? मी तुमच्या घरातून कोरडे चिंचोके काढले, चुलीवर कढईत वाळू तापवली आणि भाजले. दुपारची वेळ होती, कोणी नव्हतं. वास फुटाण्यासारखा सुटला. सालं खरंच चार फटक्यांत निघाली. आतले गर पांढरे नव्हते, बदामी होते, काही तर चांगलेच खरपूस. मला वाटलं, रंग मोहाच्या पाकात लपेल. ते मी गोरेगावला चक्कीवर नेऊन दळून आणले. पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. आणून तुमच्या पिठात मिसळलं. तुमचं कमी, माझं जास्त.

बाटल्या भरताना जेली जरा ढिलीच वाटली. थंड झाल्यावर धरेल, म्हणून झाकणं लावली.

तुम्ही परस्पर गोंदियाला आलात, हातात भाच्याच्या घरची मिठाई. आणि समोरून एक बाई बाटली उलटीसुलटी करून मोठ्यानं म्हणाली, “दीदी, ये जेली है कि शरबत?” शेजारच्या टेबलावरच्या पापडवाल्या बाया हसल्या. तुम्ही एक बाटली उघडलीत, बोट बुडवून चाटलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. मग झाकण पुन्हा घट्ट लावलंत. त्या दिवशी आपण निम्म्याहून जास्त बाटल्या टोपलीत घालून परत आणल्या.

परतीच्या बसमध्ये सेवंताबाईनं विचारलं. ती गटाची अध्यक्ष, तिला विचारणं भाग होतं. “का झालं व? आजपावतर त असं नाई झालं.”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “बाईंचे भिजवलेले चिंचोके कुजले असतील. पाच-पाच दिवस पाण्यात ठेवतात, काय होईल दुसरं.”

तुम्ही पुढच्याच सीटवर होतात, मांडीवर टोपली. मला वाटलं आता वळून माझा कान पिळाल. तुम्ही वळलात आणि म्हणालात, “असन बापा. हात माहाच होता.” मग खिडकीतून वारा लागतो म्हणून कानावरून पदर घेतलात आणि गोरेगाव येईपर्यंत बाहेर पाहत बसलात.

मी तेव्हा मुद्दाम खोटं बोलले नाही, एवढं तरी माना. मला खरंच वाटत होतं की भिजवण्यातच काहीतरी चुकलं. भाजल्यानं एवढं होत नाही अशी माझी खात्री होती, कारण खात्रीशिवाय मी जगूच शकत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मनाला चैन नव्हतं. प्रयोगशाळेत सुट्टीच्या वेळात मी तीन ग्लास मांडले. एका ग्लासात तुमच्या रीतीच्या पिठाची खळ. दुसऱ्यात हलके, साल तडकेपर्यंतच भाजलेल्या चिंचोक्यांची. तिसऱ्यात माझ्या त्या दिवशीच्या बदामी पिठाची, डब्यात थोडं उरलं होतं. पाणी तेवढंच, साखर तेवढीच. दुसऱ्या दिवशी ग्लास तिरपे केले. तुमचा हललाच नाही. दुसरा जरा पिवळट होता, पण धरला होता. तिसरा माझ्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आला.

त्या क्षणी मला राजवाड्याचे पोपडे आठवले.

सरांना विचारलं तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. फार आच लागली की डिंकाच्या लांब साखळ्या तुटतात, मग त्या पाण्याला धरून ठेवू शकत नाहीत. म्हणजे तुम्ही म्हणत होता तेच, चिकटाई मरते. माझ्या सरांना खरंच तुमच्या वडिलांनी सांगितलं असावं!

मग मी का नाही सांगितलं? त्या दिवसापासून तुम्ही चुलीपाशी येणं सोडलं होतं. बाया खळ शिजवायच्या आणि तुम्ही लांब बसून झाकणं पुसायच्या. कोणी बोलावलं तर म्हणायच्या, “माहा हात नोको लागू देऊ.” हसून म्हणायच्या, म्हणून बायांना वाटायचं गंमत आहे. मी मात्र मान खाली घालून चूल फुंकत राहायचे. होळीच्या दिवशी पुरणपोळी घेऊन आले ती सांगायलाच आले होते. तुम्ही ताटली घेतली, वरचं तूप पाहून म्हणालात, “काटकसर शिकली वाटते,” आणि मी हसत परत गेले. मार्चमध्ये आपण अंगणात चिंच फोडत बसलो होतो, तेव्हाही जिभेवर आलं होतं. “बाई, ते प्रदर्शनाचं...” एवढं म्हटलंही. तुम्ही हातातला चिंचोका टोपलीत टाकलात. “लायने, ऊन चढलं. जाय, कालेजले उशीर होईन.”

तुम्हाला माहीत होतं का? बोट चाटलं तेव्हाच कळलं होतं का? भाजल्याची चव तुमच्यापासून लपेल असं मला वाटत नाही. की तुम्ही खरंच स्वतःच्या हाताला दोष देत राहिलात? हे आता मला कोण सांगणार! पहिलं असेल तर तुम्ही फार मोठ्या मनाच्या आणि फार खट. दुसरं असेल तर मी तुमचे शेवटचे तीन महिने नासवले. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही बाजूंनी रडते.

तुम्हाला नेल्यावर घर झाडायला घेतलं तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात पाटाच्या मागे गंज सापडला. वर ताटली झाकलेली. आत चिंचोके, नव्या हंगामाचे, पाण्यात. साल सुटायला लागली होती, म्हणजे दोन दिवस तरी झाले असतील. तुम्ही चुलीपाशी येत नव्हता आणि घरात एकट्या चिंचोके भिजवत होता! कोणासाठी? कशासाठी? मी गंज उराशी धरून तिथेच बसले. मग उठून पाणी बदललं. दुसरं काय करणार होते?

घर पाहुण्यांनी भरलेलं, सुतक चालू, आणि मी रोज सकाळी त्या गंजाचं पाणी बदलत होते. नणंदबाईंनी पाहिलंच. “अवं, मयताच्या घरी हे का करून राहिली तू? लोक का म्हणतीन?” मी म्हटलं, “हे बाईंचं काम आहे, अर्धं राहिलेलं. फेकून देऊ का?” पाचव्या दिवशी मी सोलायला बसले तर थोड्या वेळानं त्याही समोर येऊन बसल्या. दोघींच्या अंगठ्यांना साली टोचल्या. सावलीत वाळवले, तेरवी झाल्यावर तुमच्याच जात्यावर दळले. दळताना हात दुखला तेव्हा कळलं की तुमचे दंड कशानं तसे होते.

बाई, एक मात्र अजून मी सोडणार नाही. दुसरा ग्लासही धरला होता. हलकं भाजलं, चक्कीवर नेलं नाही, तर चालतं. तुम्ही ‘आगीनं मरते’ म्हणायच्या, ते शंभर टक्के नव्हतं. किती आगीनं, हा माझा प्रश्न बरोबर होता. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, पिवळी जेली तूच खा. म्हणा ना. एकदा म्हणा.

मागच्या मंगळवारी गटाची बैठक झाली. सेवंताबाईनं वहीवरून वाचलं की यंदा चिंचोक्याची भानगड नको, नागपूरची तयार पावडर आणू. बाई गेल्या, त्यांच्या हातानं एकदा बिघडलं होतं, आता कोणाच्या भरवशावर करायचं? सगळ्यांनी माना हलवल्या. वाईट मनानं कोणीच बोललं नाही, तुमची आठवण काढून एक-दोघींनी डोळेही पुसले. आणि मला दिसलं की मी गप्प राहिले तर हे असंच कायमचं राहणार. बाई म्हणजे जिच्या हातानं जेली नासली ती.

मी पिशवीतून दोन ग्लास काढले. एक त्या बदामी पिठाचा, डब्यात उरलेलं सगळं वापरून केलेला. दुसरा तुमच्या गंजातल्या चिंचोक्यांचा. दोन्ही ताटात उलटे केले. पहिला ताटभर पसरला. दुसरा ग्लासातच अडकून बसला, सेवंताबाईनं ठोकला तेव्हा अख्खा खाली उतरला आणि थरथरत उभा राहिला. मग मी सांगितलं. वाळू, कढई, चक्की, मिसळलेलं पीठ, बसमधलं बोलणं, कॉलेजातले तीन ग्लास, सगळं.

सेवंताबाईनं चमच्यानं तुमची जेली कापली, तोंडात टाकली, गिळली. मग माझ्याकडे पाहून अगदी सरळ विचारलं, “मंग बाई जित्ती होती तवा काऊन नाई सांगतलं?”

मी म्हटलं, “सांगणारच होते.”

“हं,” ती म्हणाली. तिनं वहीत पावडरीची ओळ खोडली. “गंजात किती दिस ठेवत होती बाई?”

“पाच.”

“मंग आजच भिजवू.”

काल तिसऱ्यांदा पाणी बदललं. मोठा गंज आहे, सगळ्याजणींचे चिंचोके आहेत, माझ्या पडवीत ठेवला आहे. पाणी ओतताना रोज तुमच्या पायरीकडे नजर जाते. बसमध्ये तुम्ही वळून जे म्हणालात, त्याला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. बायांना सगळं सांगितलं, पण ते उत्तर तुमचं होतं, आणि ते ऐकायला तुम्ही नाही.

तुमचा नव्हता, बाई. हात माझा होता.